पायांची तपासणी

“मोजे काढ,” मी म्हणाले.

“ताई, फोड आलेत. चिकटपट्टी लावलीये,” ज्योत्स्ना म्हणाली आणि तिने पाय हळूच मागे घेतले.

“दोन्ही पायांना?”

“दोन्ही. तुम्हीच सांगितलं होतं ना, रोज तासभर बूट घालून घरात वावरायचं. वावरले.”

सतरंजीवर अकरा बायका अनवाणी पाय पसरून बसल्या होत्या. ही बारावी. नाशिकच्या एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल, लग्नाची तिथी नसेल त्या सकाळी, मला वर्गासाठी मिळायचा. खाली आचाऱ्यांची भांडी घासणं चालू असायचं आणि वर आम्ही बर्फावर उभं राहायची तयारी करायचो. लोक हसायचे. नाशिकमध्ये बर्फ मिळतो तो उसाच्या रसात, त्यावर बायका उभ्या कुठे राहणार, असं माझा भाऊच म्हणायचा. म्हणू दे. जानेवारीत हिमालयात औलीला स्नोबोर्ड, म्हणजे फळीवर पाय बांधून बर्फावरून घसरणं, शिकायला जायचं तर तयारी नोव्हेंबरातच लागते, आणि ती बर्फात नाही, घरात करायची असते, हे मी बोट गमावून शिकले होते.

खरंच गमावून. माझ्या डाव्या पायाला चार बोटं आहेत. मी शिकायला गेले तेव्हा भाड्याच्या दुकानातल्या माणसाने मला पुरुषांचे बूट दिले, एक नंबर मोठे, आणि म्हणाला, दोन मोजे घाला, बसतील. मी घातले. पाय आत कोंबला गेला, रक्त थांबलं, बधिर झाला. मला वाटलं, थंडीत होतच असणार असं. कळ काढायची सवय आपल्याला लहानपणापासूनची. संध्याकाळी बूट काढला तेव्हा करंगळी काळी पडायला लागली होती.

म्हणून मी वर्ग काढला आणि म्हणून माझी यादी. बावीस कलमं होती तिच्यात. बूट बायकांच्या मापाचाच मागायचा, दुकानदार कितीही गोड बोलला तरी. उभं राहिलं की अंगठा पुढे नुसता टेकला पाहिजे, गुडघे वाकवले की सुटला पाहिजे. मोजा एकच, लोकरीचा, सुती नाही. नखं कापलेली. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं दीड मिनिट, रोज. पडताना तळहात टेकायचे नाहीत, मूठ मिटून कोपरापर्यंतच्या हातावर पडायचं, नाहीतर मनगट गेलंच. केस मानेजवळ बांधायचे, डोक्यावर अंबाडा घातला तर हेल्मेट बसत नाही. पाळीची तारीख त्या आठवड्यात येत असेल तर लाजू नका, सामान जास्तीचं घ्या, तिथे डोंगरावर दुकान नाही. आणि नववं कलम: अंगावर धातू नको. बांगडी, अंगठी, मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, सगळं उतरवून यायचं. थंडीत धातू कातडीला धरतो आणि घट्ट बुटात जोडवं म्हणजे बोटाला गळफास.

या नवव्या कलमावर दरवर्षी रामायण व्हायचं. त्या वर्षी ते भारती देवरेने केलं. बँकेत अधिकारी, वय बेचाळीस, आवाज हॉलभर.

“नलूताई, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा निघाली बरं का ही,” तिने पायाची बोटं हलवून दाखवली. “साबण लावला, तेल लावलं, शेवटी नवऱ्याने ओढली. म्हणाला, लग्नात घालताना एवढा त्रास झाला नव्हता!”

“आणि सासूबाई?”

“त्यांना सांगितलंय, वरून हुकूम आहे. कुठून वरून ते नाही सांगितलं.”

सगळ्या खो खो हसल्या. ज्योत्स्नाही हसली, पण ओठ मिटून.

ज्योत्स्ना खैरनार सटाण्याकडच्या एका मुलींच्या शाळेत व्यायामशिक्षिका होती. एकोणतीस वर्षांची, शिडशिडीत, कमी बोलणारी. दर रविवारी पहाटेची एसटी धरून यायची, कधी पाच मिनिटं उशीर नाही. पाण्याच्या पाइपवर फळी ठेवून तिच्यावर तोल सांभाळायचा असतो, त्यात बाकीच्या धडाधड पडायच्या आणि ही डोळे मिटून उभी राहायची. शाळेने तिला सांगितलं होतं की हा कोर्स पुरा केलास तर पुढच्या वर्षी मुलींची तुकडी घेऊन तूच जायचंस. तिला ते फार हवं होतं. “दहा दिवस घराबाहेर,” ती एकदा माझ्याशी बोलली होती, “चार वर्षांत पहिल्यांदा, ताई.” मला वाटलं, सासुरवास असेल. फॉर्मवर तातडीचा नंबर म्हणून तिने सासूबाईंचा दिला होता. नवऱ्याचा दे म्हटलं तर म्हणाली, “त्याच उचलतात फोन.” मी लिहून घेतला. माझ्या वर्गात कुणाच्याच गळ्यात काही नसायचं, त्यामुळे कोण कशी हे कळायला मार्ग नव्हता, आणि मला त्याचा अभिमानच होता.

तर त्या रविवारी मी तिचे मोजे उतरवून पाहिले. दोन्ही पायांच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला जाडजूड चिकटपट्टी गुंडाळलेली. मी काय करायला हवं होतं? पट्टी काढायला हवी होती. मी मात्र तिची पाठ थोपटली.

“बघा,” मी सगळ्यांना म्हटलं, “हिने बूट वापरून आणलेत. फोड इथे येऊ देत, तिकडे नकोत. याला म्हणतात तयारी.”

ज्योत्स्ना मान खाली घालून मोजे चढवत होती.

औलीला पहिले दोन दिवस नुसते आपटण्याचे. भारती तर इतकी पडली की शेवटी म्हणाली, “मी आता बसूनच खाली जाते, तुम्ही फोटो काढू नका.” ज्योत्स्ना दुसऱ्याच दिवशी दुपारी बोर्डच्या मागच्या कडेवर वजन टाकून तिरकी उतरली, थांबली आणि परत वर चालत आली. चेहरा असा उजळला होता की मला भरून आलं. “ताई, आवाजच नाही होत,” ती म्हणाली. “एवढं सगळं सरकतंय पायाखालून आणि आवाज नाही.”

तिसऱ्या दिवशी वारा सुटला. पारा शून्याखाली बारावर. मी तासातासाने सगळ्यांना विचारत होते: बोटं हलतात का? बोटं दुखतात का? दुखत असतील तर चांगलं, दुखणं म्हणजे रक्त चालू आहे. अकराच्या सुमाराला आमच्यातली सगळ्यात लहान, कॉलेजातली अनघा माझ्याकडे आली.

“ताई, ज्योत्स्नाताई मघापासून उजवा पाय आपटत होत्या. आता थांबल्यात.”

मी जवळजवळ धावतच गेले. ज्योत्स्ना उताराच्या वर बसून बोर्डचे पट्टे आवळत होती.

“पाय दुखतोय?”

“मघाशी दुखत होता. आता काही नाही. एकदम बरा आहे.”

माझ्याही पायाला त्या दिवशी असंच एकदम बरं वाटलं होतं.

उतारापासून शंभरेक पावलांवर लाकडी खोली होती, चहापाण्याची. तिथे चुलीवर पाण्याचं पातेलं कायम असायचं. मी आणि भारतीने तिला दोन्ही बाजूंनी धरून आत आणलं, बाकावर बसवलं. मी बुटाची नाडी सोडायला लागले तशी ती एकदम म्हणाली, “मी काढते. तुम्ही जा, ताई. बाकीच्या एकट्या आहेत.”

“अनघा आहे त्यांच्याकडे. पाय इकडे कर.”

“मला पाच मिनिटं द्या फक्त.”

“पाच मिनिटं नाहीयेत गं तुझ्याकडे!”

मी बूट ओढला, मोजा काढला. अंगठ्याशेजारचं बोट मेणासारखं पांढरं. पट्टी भिजून सैल झाली होती. ती सोलली आणि खाली चांदीचं जोडवं. जाड, जुन्या घडणीचं, बोटात रुतलेलं. दुसराही बूट ओढला; त्या पायातही तसंच, पण ते बोट लाल होतं, म्हणजे जिवंत होतं.

मी जी पेटले! अजून आठवलं तरी कानशिलं तापतात.

“फोड काय? फोड? खोटं बोललीस माझ्याशी? बारा बायकांत एकटी तू नवऱ्याला एवढी भिणारी निघालीस? शिकवतेस काय शाळेत मुलींना?”

भारती म्हणाली, “नलूताई, नंतर बोला. आधी काय करायचं ते सांगा.”

करायचं एवढंच होतं. पाय कोमट पाण्यात ठेवायचा, बाळाच्या अंघोळीला घेतो तेवढ्याच कोमट. चोळायचा नाही. पण ऊब लागली की बोट सुजतं, आणि सुजलं की जोडवं आणखी रुततं आणि उरलंसुरलं रक्तही थांबतं. म्हणजे जोडवं आधी निघायला हवं. मी ते बोटाने फिरवून पाहिलं. चिमटीत धरून फाकवायला गेले तर फाकेना. नेहमीच्या जोडव्याला खाली फट असते, याला नव्हती. कुणीतरी डाग देऊन जोडून टाकलं होतं.

बोर्डचे पट्टे दुरुस्त करायची पक्कड माझ्या पिशवीत होती, तार कापायची. मी ती काढली, दुसऱ्या हाताने तिचा घोटा पकडला.

“नाही!” ज्योत्स्ना ओरडली. “हात लावू नका! कापायचं नाही ते!”

“भारती, हिचा पाय धर.”

भारतीने धरला. ज्योत्स्नाने अंगातलं सगळं बळ लावून झटका दिला, बाक कलंडला, ती जमिनीवर बसली आणि दोन्ही पाय पोटाशी घेतले.

“अगं वेडी का खुळी तू!” माझा आवाज फाटला. “बोट जाईल! नवऱ्याला काय सांगायचं ते मी सांगते. लाव फोन. आत्ता लाव. एवढ्या चांदीच्या वळ्यासाठी बायकोचं बोट घालवणारा कोण शहाणा आहे ते मला बघू दे!”

“कुणाला लावू?” ती म्हणाली.

“नवऱ्याला!”

“ते नाहीत.”

“नाहीत म्हणजे? कुठे गेलेत?”

“चार वर्षं झाली ताई. कावीळ झाली होती. नऊ दिवसांत गेले.”

पाण्याचं पातेलं खदखदायला लागलं होतं. भारतीने जाऊन ते खाली उतरवलं, कारण दुसरं काय करावं ते तिला कळेना.

“मग ही…” मी म्हटलं.

“दहाव्याला काढली माझी. चार जणी होत्या. दोघींनी खांदे धरले, एकीने पाय धरले, एकीने ओढलं. बांगड्या फोडल्या, पुसलं, सगळं झालं. सासूबाई बाजूला बसल्या होत्या, त्यांनी नाही हात लावला. पण कुणी विचारलं नाही मला. एकीनेही नाही. काढू का, असं कुणी म्हटलं नाही.” ती रडत नव्हती. “नंतर महिन्याभराने डब्यात सापडली. ह्यांनी पहिल्या पगारातून घेतलेली. मालेगावला गेले, ओळखीचं कुणी नाही असा सोनार बघितला, आणि पायात घालून डाग देऊन घेतला. परत कुणाला ओढता येऊ नयेत म्हणून. शाळेत मी बूटच घालते. घरीही मोजे. घरात सगळ्यांना वाटतं, मला सर्दीचा त्रास आहे.”

माझ्या हातात पक्कड तशीच होती. मघाशी भारतीला मी काय म्हणाले होते ते मला ऐकू आलं: पाय धर. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. माझं म्हणणं बरोबर होतं, बोट जाणार होतं, आणि तरी मी त्या चौघींमध्ये पाचवी झाले होते. बावीस कलमं लिहिली, त्यात कुणाला काही विचारायचं कलमच नव्हतं.

मी पक्कड खाली ठेवली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. माझा डावा बूट काढला, मोजा काढला, पाय तिच्यापुढे केला. तिने करंगळीच्या जागेकडे पाहिलं.

“हे असं होतं,” मी म्हटलं. “बोटाचं मी सांगू शकते, माझं त्यातलं शिक्षण झालंय. बाकीचं मला कळत नाही आणि बोलायचा अधिकारही नाही. डाव्या पायाचं बोट चांगलं आहे, त्याला मी हात लावत नाही. उजव्याचं जोडवं राहिलं तर बोट जाईल. कापलं तर कदाचित वाचेल, कदाचित म्हणतेय, खात्री देत नाही. ज्योत्स्ना, काढू का?”

तिने विचारलं, “किती वेळ आहे?”

“ते पाणी कोमट होईपर्यंत.”

भारती पातेल्यात गार पाणी ओतत होती. ती थांबली, पुन्हा थोडं थोडं ओतायला लागली. बाहेरून अनघाचा आवाज येत होता, “गुडघे वाकवा, गुडघे!” ज्योत्स्नाने उजवा पाय मांडीवर घेतला. जोडव्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. ओठ हलत होते. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही आणि ते माझ्याशी नव्हतंच.

“काढायचं,” ती म्हणाली. “पण तुम्ही नको. पक्कड इकडे द्या.”

चांदी जाड होती. तिने दोन्ही हातांनी पक्कड दाबली, दात ओठावर रोवले. बोट बधिर होतं म्हणून दुखलं नाही, एवढंच. टक् आवाज झाला आणि ती मोठ्याने रडायला लागली. चार वर्षांचं सगळं एकदम. भारतीने तिचं डोकं पोटाशी धरलं, आणि मी तिचा पाय पाण्यात सोडला.

बोट वाचलं. नख गेलं ते कायमचं, पण बोट वाचलं. जोशीमठच्या डॉक्टरांनी बांधून दिलं आणि बर्फावर पाय ठेवायचा नाही असं बजावलं. तिचा कोर्स तिथेच संपला. उरलेले दिवस ती खोलीच्या खिडकीत बसून आमच्याकडे बघायची आणि संध्याकाळी प्रत्येकीला कुठे चुकलं ते सांगायची. सांगायची अगदी बरोबर. मी तिच्या शाळेला पत्र लिहून देते म्हटलं, पण ती म्हणाली, “नको, पुरा केला नाही तो नाही केला. पुढच्या वर्षी करीन.”

परतीच्या गाडीत नाशिकरोड जवळ आलं तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. तिच्या सासूबाई घ्यायला येणार होत्या. उजव्या पायाला बँडेज, बूट चढणं शक्य नाही, दोन्ही पायांत चपला. डाव्या पायातलं जोडवं उघड्यावर.

“मोजा घाल डाव्या पायात,” मी हळूच म्हटलं. “थंडी बाधली म्हणून सांगू.”

“नको ताई,” ती म्हणाली. “आता नको.”

फलाटावर तिच्या सासूबाई उभ्या होत्या. लहानखुऱ्या, नऊवारी, हातात पाण्याची बाटली. कपाळ मोकळं. त्यांनी आधी बँडेज पाहिलं आणि “अगं माझी बाय” म्हणत पुढे आल्या. मग नजर डाव्या पायावर गेली आणि तिथेच थांबली. मी पुढे झाले, काहीतरी बोलणार होते. भारतीने मागून माझा दंड धरला.

“बस,” सासूबाई म्हणाल्या. ज्योत्स्ना बाकावर बसली. त्या खाली उकिडव्या बसल्या, भर फलाटावर, लोक येत-जात होते. त्यांनी तिचा डावा पाय चपलेतून काढून आपल्या गुडघ्यावर घेतला.

“रमेशने घेतलेली ना ही?”

“हो.”

“डब्यात दिसली नाहीत, तेव्हाच कळलं होतं मला,” त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी जोडवं दोन बोटांत धरून जरासं फिरवून पाहिलं.

“घट्ट झालंय गं. दुखतंय का?”

“नाही.”

“मग राहू दे,” त्या म्हणाल्या, आणि तिच्या पायात चप्पल सरकवली.